कुरडया घालायच्या की नाही? ठाण्यातलं मे महिन्याचं आभाळ कसं ओळखायचं?

वडवलीची_सून | शुक्रवार, ८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज अगदीच गळ्याशी आलं म्हणून पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. सासूबाई दर मे महिन्यात गव्हाच्या कुरडया घालतात. विकतच्या आणू म्हटलं की दोन दिवस अबोला. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळत ठेवायचा आणि पहाटे शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. एकदा गहू भिजले की ठरल्या दिवशी ऊन हवं म्हणजे हवंच.

मंगळवारी सकाळी सातला आभाळ काळंभोर, अंगावर पडेल इतकं खाली. मोबाइलवर छत्रीचं चित्र. मीच म्हटलं, आई, आज नको. साडेदहाला डोळे उघडवेनात असं ऊन. संध्याकाळपर्यंत चीक आंबला, टाकून दिला.

मागाहून भिजवलेला दुसरा घाणा गुरुवारी निघाला. गुरुवारी गॅलरीतून बघितलं तर आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही. मोबाइलवर हसरा सूर्य. गच्चीभर कुरडया घातल्या. सव्वापाचला गच्चीचं दार धाडकन आपटलं, मी वर पोचेपर्यंत टपोरे थेंब. दहा मिनिटं पडला असेल. प्लास्टिकला चिकटलेली खळ उरली, बाकी काही नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री शांतपणे परत दोन किलो गहू भिजत घातले. रविवारी घालायच्या आहेत.

तर प्रश्न असा: काळा ढग आला की पाऊस, हे लहानपणापासून ऐकलेलं खोटं आहे का? आभाळ बघून काही कळतं का, की नुसता नशिबाचा खेळ?

खवय्या_कळवा | रात्री ९:४८

आधी कुरडयांचा फोटो टाका.

वडवलीची_सून | रात्री ९:५१

वाचलंत का पूर्ण? कुरडया उरल्याच नाहीत!

मतलई_वारा | रात्री १०:३५

ताई, धागा अगदी माझ्या जिव्हाळ्याचा. मी कोपरखैरण्याला असतो, निवृत्त आहे. दहा-बारा वर्षं एका वहीत रोजचं आभाळ लिहितो. बायको त्याला 'ढगांचा हिशेब' म्हणते.

मंगळवारचा तुमचा काळा ढग म्हणजे स्ट्रॅटोक्युम्युलस, मराठीत स्तरराशिमेघ. समुद्रावरची ओल रात्री जमिनीलगत साठते आणि पहाटे तिची चादर होते. चादर दिसते भयंकर, पण जाडी जेमतेम काहीशे मीटर. काळी दिसते कारण सकाळचा सूर्य तिच्या पलीकडे असतो आणि आपण तिच्या सावलीतली बाजू बघतो. जमीन तापली की ती फाटते आणि दहा-अकराला ऊन. फार तर शिंतोडे. मे महिन्यात नैर्ऋत्येकडून असे ढग सकाळी भराभर पळताना दिसले तर खुशाल घाला कुरडया.

आता गुरुवार. एक विचारतो, तुमची गॅलरी कुठल्या बाजूला?

वडवलीची_सून | रात्री १०:४२

येऊरच्या बाजूला. हिरवंगार दिसतं, त्याचेच जास्तीचे पैसे घेतले होते बिल्डरने.

मतलई_वारा | रात्री ११:२०

तिथेच चुकलं. कासारवडवलीहून येऊरचा डोंगर नैर्ऋत्येला. तुमचा पाऊस आला पाठीमागून, भिवंडी-कल्याणकडून. जूननंतर पाऊस समुद्राकडून येतो, म्हणून आपल्याला पश्चिमेकडे बघायची सवय. मे महिन्यातला वळीव मात्र उलट्या दिशेने येतो. दुपारी खारे वारे ओल घेऊन आत जातात, सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, आणि मुरबाड, माळशेज, कर्जतच्या डोक्यावर ढग उभे राहतात. त्या उंचीवर वारा बरेचदा पूर्वेचा असतो. तो ढगाला ढकलत आपल्याकडे आणतो. संध्याकाळच्या वळवाचं कोडं एवढंच.

या ढगाचं नाव क्युम्युलोनिम्बस, आपला गर्जन्मेघ. लांबून तो काळा नसतोच! उन्हात लख्ख पांढरा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा. बुडाशी उभं राहिलं की काळा, कारण बारा-पंधरा किलोमीटर जाडीचं पाणी आणि बर्फ आपल्या आणि सूर्याच्या मधे. म्हणजे लहानपणी ऐकलेलं खोटं नाही, फक्त काळा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

खवय्या_कळवा | रात्री ११:२४

काका, फुलकोबी म्हणालात आणि आता भजी खावीशी वाटतायत.

रडारराव | शनिवार, ९ मे, सकाळी ८:०५

सगळं छान आहे, पण २०२६ साली आभाळाकडे टक लावून कशाला बसायचं? मुंबईसाठी हवामान खात्याची दोन रडार आहेत, कुलाब्याला आणि वेरावलीला. चित्रं फुकट बघायला मिळतात. लाल-पिवळा डाग आपल्याकडे सरकतोय का बघा, संपलं. वीज किती जवळ पडतेय त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' आहे. मोबाइलमधली छत्री आणि हसरा सूर्य मात्र विसरा. ते चित्र म्हणजे अख्ख्या दिवसाचा गोळाबेरीज अंदाज.

आणि बातम्यांत 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणतात ना, त्याला ठरलेला अर्थ आहे. त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. चारातल्या तिघांकडे कोरडं गेलं तरी अंदाज बरोबरच. लोक उगाच शिव्या घालतात.

करावेकर | सकाळी ९:३०

रडारराव, आमच्या आज्याकडे रडार नव्हतं तरी त्याचा जवळा कधी भिजला नाही.

मी नेरूळजवळच्या करावे गावातला, आगरी. नवी मुंबई व्हायच्या आधीपासूनचे आम्ही. मे महिना म्हणजे आमच्याकडे आगोटीची गडबड. पावसाळ्याची सगळी बेगमी याच दिवसांत: सुके बोंबील, सोडे, जवळा, मसाला, लाकूडफाटा. अंगणभर सुकट पसरलेली असायची. आजा ढग नाही, वारा बघायचा. दुपारी खाडीवरून वारा लागतो तो रोजचा. चार-साडेचारला तो अचानक पडला, झाडाचं पान हलेना आणि कुत्रीसुद्धा ओट्यावरून उठून आत गेली, की आजा ओरडायचा, "गोला करा रं!" अर्ध्या तासात उलटा वारा सुटायचा, आणि मग पाऊस.

लॅटिन नावं पाठ करून कुरडया वाळत नाहीत. ह. घ्या.

मतलई_वारा | सकाळी १०:१०

करावेकर, हलकं नाही, जडच घेतो. तुमच्या आज्याने सांगितलं ते पुस्तकात बसतं. येणाऱ्या ढगाचा वारा आणि समुद्राचा वारा समोरासमोर आले की मधला पट्टा स्तब्ध होतो. पुढे जो उलटा गार वारा सुटतो तो ढगातूनच येतो. पडता पडता थेंबांची वाफ होते, हवा गार आणि जड होते, खाली आदळते आणि चहूबाजूंना पसरते. पावसाच्या कितीतरी पुढे पळते ती. ताईंच्या गच्चीचं दार तिनेच आपटलं.

नावं पाठ करायची गरज नाही हे मान्य. पण नाव असलं की डोळ्याला दिसायला लागतं. १८०२ च्या सुमारास लंडनच्या एका औषधविक्याने, ल्यूक हॉवर्डने, ढगांना नावं दिली. त्याआधीही लोक ढग बघतच होते, पण एकाने बघितलेलं दुसऱ्याला सांगायचं कसं? आज जगभर मुख्य दहा प्रकार धरतात, ते त्याच्याच पायावर.

पामबीच_पळपुटा | सकाळी ११:५५

अवांतर: पाऊस राहू द्या, हा घाम कधी थांबणार? सकाळी सहाला पामबीचवर पाच किलोमीटर पळालो, शर्ट पिळला तर बादलीभर. मार्चमध्ये पारा जास्त होता तरी इतका त्रास नव्हता.

निंबोणी | दुपारी १२:४०

पळपुटे दादा, मार्चमध्ये कोरडा पूर्वेचा वारा असतो. तो जोरात असला की खारे वारे दुपारी उशिरा पोचतात आणि पारा चढतो. सांताक्रूझचा विक्रम ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ चा. मेमध्ये समुद्राचा वारा वेळेवर येतो म्हणून पारा ३४-३५ वर अडतो, पण हवेत इतकी ओल की घाम सुकतच नाही. आणि घाम सुकला नाही तर अंग गार होणार कसं? ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता म्हणजे शरीराला ४५ अंशांसारखं वाटतं.

मी खारघरची. १६ एप्रिल २०२३ ला इथल्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली. त्या दिवशीही आभाळ स्वच्छ होतं. म्हणून 'आज काय मस्त मोकळं आभाळ आहे' असं कुणी म्हटलं की मला कसंतरीच होतं. ढग नसणं हेही हवामानच असतं.

पामबीच_पळपुटा | दुपारी १२:५८

खरंय. उद्यापासून साडेपाचला.

चौकट | दुपारी २:१५

मी ऐरोलीला फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो. काल पक्षी लांब होते म्हणून आभाळाचेच काढले. माशाच्या खवल्यांसारखे बारीक बारीक पांढरे ढग, ओळीत मांडलेले. हा कुठला प्रकार? आणि पाऊस येतो का यातून?

मतलई_वारा | दुपारी ३:००

हात पूर्ण लांब करा आणि डोक्यावरच्या एका खवल्यावर करंगळी धरा. करंगळीमागे लपला तर सिरोक्युम्युलस, फार उंचावरचा, बर्फाच्या कणांचा. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांमागे लपणारा असेल तर आल्टोक्युम्युलस, मधल्या थरातला. तीन बोटांनाही पुरून उरला तर स्ट्रॅटोक्युम्युलस, आपला सकाळचा काळोबा. तुमचा बहुधा मधला असणार, मेमध्ये तोच जास्त दिसतो. खुद्द त्यातून पाऊस नाही, पण वरही ओल आली आहे एवढं तो सांगतो.

रडारराव | दुपारी ३:१२

करंगळी काय, तीन बोटं काय. लोकलच्या दारात उभं राहून कुणी असं करताना दिसलं तर मी पुढच्या स्टेशनला उतरेन.

करावेकर | दुपारी ३:२०

उतरायला मिळालं तर सांगा, कुठली लोकल ते.

निंबोणी | दुपारी ४:०५

आजी म्हणायची, चंद्राला खळं लांब पडलं तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब. यात काही तथ्य?

मतलई_वारा | दुपारी ४:५०

दोन वेगळी खळी आहेत. लांबचं, मोठं खळं २२ अंशांचं, म्हणजे हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. ते उंचावरच्या सिरोस्ट्रॅटसमधल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं. चंद्राला चिकटलेलं छोटं रंगीत कडं पाण्याच्या बारीक थेंबांमुळे. मोठं खळं म्हणजे वर ओलीचा पातळ पडदा पसरतोय. कधी त्यामागून पाऊस येतो, कधी पडदा तसाच विरतो. आजीचं अर्धं बरोबर असं म्हणतो, म्हणजे तुम्हीही खूश आणि मीही.

खवय्या_कळवा | संध्याकाळी ६:३०

पंचांगात यंदा मृगाचं वाहन काय आहे? बेडूक असेल तर छत्री घेतो, गाढव असेल तर नाही.

रडारराव | संध्याकाळी ६:४१

झालं! आता धागा शंभरी गाठणार.

करावेकर | संध्याकाळी ६:५५

वाहनाची चेष्टा कराल तर करा, पण सूर्य रोहिणीत जातो २५ मेच्या आसपास आणि मृगात ७-८ जूनला, आणि पेरणीचं वेळापत्रक त्यावरच बेतलेलं. मुंबईला मान्सूनची सरासरी तारीख तुमच्या खात्याने आता ११ जून धरलीय. फार लांब नाही ना?

रडारराव | संध्याकाळी ७:१०

सरासरी जुळते, वर्ष जुळत नाही. २०२३ ला मुंबईत २५ जूनला आला आणि २०२५ ला २६ मेला. एका महिन्याचा फरक. वाहनाचं पंक्चर झालं असेल.

टिटवाळा_फास्ट | रात्री ८:२०

कुणी १३ मे २०२४ विसरलं का? मी ऐरोलीच्या पुलावर बसमध्ये होतो. दुपारीच उजेड पिवळट, जुन्या फोटोसारखा. मग समोरच्या इमारती एकेक करून पुसल्या गेल्या. खिडकी लावेपर्यंत दातांत वाळू. कुठल्यातरी बांधकामाची हिरवी जाळी उडत येऊन बसच्या काचेवर फडफडत बसली, ड्रायव्हरने मधेच गाडी उभी केली. पाऊस त्यानंतर आला. घाटकोपरचं होर्डिंग पडल्याचं घरी पोचल्यावर कळलं. तेव्हापासून असं आभाळ दिसलं की होर्डिंग आणि झाडाखाली थांबत नाही. भिजलेलं बरं.

मतलई_वारा | रात्री ८:४५

तो वारा म्हणजे वर लिहिलेला तोच गार लोट, फक्त खाली कोरडी माती सापडली. आणि वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे गच्ची सोडायची वेळ झाली, भागाकार घरात बसून करा.

वडवलीची_सून | रात्री ९:३०

बापरे, किती शिकवलंत सगळ्यांनी. पण माझा प्रश्न तिथेच आहे हो. उद्या रविवार. पहाटे पाचला चीक शिजणार. मी नेमकं काय बघू?

मतलई_वारा | रात्री १०:०२

सकाळच्या काळ्या चादरीला भिऊ नका. बारानंतर गच्चीच्या खाडीकडच्या कठड्याशी जा, म्हणजे येऊरकडे पाठ. पूर्वेला कापसाचे पुंजके असतील. पसरट राहिले तर ठीक, रुंदीपेक्षा उंची वाढायला लागली की दर अर्ध्या तासाने बघा. सगळ्यात महत्त्वाचा माथा. फुलकोबीसारखा रेखीव आहे तोवर आत पाणी आहे आणि ढग वाढतोय. माथा पिंजल्यासारखा मऊ झाला आणि लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला की वर बर्फ झालं, गर्जन्मेघ तयार. नाणेघाटाकडे, इथून सत्तरेक किलोमीटरवर बारा किलोमीटर उंचीचा असा ढग असेल तर क्षितिजावर साधारण एक मूठ उंच दिसेल, हात लांब करून. माझ्या वहीप्रमाणे आपल्याकडे पोचायला दोन-अडीच तास. पोचलाच तर.

करावेकर | रात्री १०:१०

आणि वारा पडला तर मूठ-बीठ सोडा, आधी कुरडया उचला.

मुरबाड_रिटर्न | रविवार, १० मे, दुपारी ३:२५

गावी आलोय, धागा वाचत होतो. मुरबाडात गडगडायला लागलंय. आभाळ निळं-काळं.

वडवलीची_सून | दुपारी ३:३१

मी गच्चीवरच आहे! पूर्वेला पांढराशुभ्र डोंगर उभा आहे, वर सपाट. ऐरण म्हणतात ती हीच का? मुठीपेक्षा बरीच मोठी. कुरडया बारा आणे वाळल्यात, खालून ओल्या. सासूबाई म्हणतात डोक्यावर ऊन आहे, वेडी झालीस का.

रडारराव | दुपारी ३:३८

रडारवर मुरबाडजवळ लाल डाग आहे, पश्चिमेकडे सरकतोय. करंगळी बरोबर निघाली, मान्य.

टिटवाळा_फास्ट | दुपारी ४:१०

टिटवाळ्यात धो धो. लाइट गेले.

करावेकर | दुपारी ४:१४

ताई, वारा?

वडवलीची_सून | दुपारी ४:१६

पडला. अगदी पडला. वॉचमनकाका आणि मी प्लास्टिकची चार टोकं धरून खाली आणतोय.

निंबोणी | दुपारी ४:४४

इकडे खारघरला कडक ऊन. तिकडे काय झालं? सांगा ना कुणीतरी!

खवय्या_कळवा | दुपारी ४:५०

कळव्यात धूळ, वारा आणि मातीचा वास. खिडकीवर पाच थेंब पडले, तेही बहुतेक वरच्यांच्या एसीचे.

वडवलीची_सून | संध्याकाळी ५:३५

थेंब नाही!! नुसता गार वारा. आता परत ऊन पडलंय. सासूबाई सोफ्यावर बसून माझ्याकडे बघतायत.

मतलई_वारा | संध्याकाळी ५:५०

कल्याणच्या अलीकडे विरला वाटतं. ढगाचा गार लोट पुढे पळाला की त्याचा खालून येणारा गरम, ओला पुरवठाच तोडतो. स्वतःच्याच पायावर धोंडा. हे आधी कळण्याइतकी माझी वही जाड नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

रडारराव | संध्याकाळी ५:५४

तुरळक ठिकाणी. मी म्हटलं होतं.

वडवलीची_सून | संध्याकाळी ७:२०

सांगितला नमस्कार. म्हणाल्या, त्या काकांना विचार, गुरुवारी कुठे होते? पण कुरडया शाबूत आहेत. लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये पंखा लावून पसरल्यात, उद्या सकाळी परत वर नेणार, काळी चादर असली तरी. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या मांजराने दोन पळवल्या, तेवढंच नुकसान.

खवय्या_कळवा | संध्याकाळी ७:२२

आता तरी फोटो टाका.